‘त्यांच्यावर कधी केस झाली होती का?’ हा प्रश्न का अपुरा पडतो

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मुंबईत दोन चौकश्या हमखास होतात. एक खर्चाची. दुसरी, त्या डॉक्टरवर किंवा हॉस्पिटलवर कधी केस झाली होती का, याची. दुसऱ्या चौकशीला ‘नाही’ असं उत्तर आलं की माणसं निश्चिंत होतात. डॉक्टरही हेच माप वापरतात. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकही नोटीस आली नाही, हे अभिमानाने सांगितलं जातं. जिथे चुका कमी तिथे दावे कमी, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक बारकाईने तपासून झालेलं आहे आणि ते टिकलेलं नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या हॉस्पिटलांमधले १९८४ सालचे तीस हजारांवर केस पेपर हार्वर्डच्या संशोधकांनी वाचून काढले. कुणाला उपचारांमुळे इजा झाली आणि त्यातली कुठली निष्काळजीपणामुळे झाली, हे डॉक्टरांनी कागदावरून ठरवलं. मग ही यादी राज्यभरातल्या दाव्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली. निष्काळजीपणामुळे इजा झालेले २८० रुग्ण सापडले. त्यांपैकी दावा केला होता फक्त ८ जणांनी. राज्यभराचा हिशेब मांडला तर अशा प्रत्येक शंभर इजांमागे दीडच दावा. उलट बाजूने पाहिलं तरी चित्र तेच होतं. नमुन्यातल्या रुग्णांनी जे दावे केले होते, त्यातल्या बहुतेकांच्या केस पेपरमध्ये संशोधकांना निष्काळजीपणाने झालेली इजा दिसली नाही. म्हणजे ज्यांनी जायला हवं ते जात नाहीत, आणि जे जातात त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदांत निष्काळजीपणा दिसत नाही.

म्हणून दावे खोटे असतात असा अर्थ काढणं मात्र चूक आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या निकालात निघालेल्या १४५२ दाव्यांच्या फाइली तपासल्या गेल्या. त्यात इजाच झालेली नाही असे दावे फक्त ३ टक्के होते. इजा आहे पण चूक नाही, असे ३७ टक्के. चूक नसलेल्या दाव्यांपैकी ७२ टक्के भरपाईविना संपले आणि चुकीमुळे इजा झालेल्या दाव्यांपैकी ७३ टक्क्यांना भरपाई मिळाली. थोडक्यात, निवाडा बऱ्यापैकी बरोबर होतो. पण घटनेपासून निवाड्यापर्यंत सरासरी पाच वर्षं गेली होती.

हे आकडे परदेशातले आहेत. मुंबईत दावा न होण्याची कारणं आणखी आहेत. अमेरिकेत वकील आपली फी भरपाईच्या रकमेतून घेतो, इथे वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. गरीब माणसाला खिशातून पैसे काढावे लागतात. दुसरं, सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली खरी, पण जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते ती हॉस्पिटलं बाहेर राहिली. केस पेपरची नाममात्र फी दिली म्हणून तिथला रुग्ण ‘ग्राहक’ होत नाही. काही जणांकडून पैसे आणि काहींना मोफत अशी व्यवस्था असेल तर मात्र मोफतवालेही ग्राहकच. पालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांबाबत याच मुद्द्यावर वाद होतात. ‘ग्राहक नाही’ असं ठरलं तर उरतात दिवाणी न्यायालय, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद किंवा उच्च न्यायालयातली रिट याचिका. या शहरातल्या सर्वांत गरीब रुग्णांचा मोठा भाग अशाच हॉस्पिटलांमध्ये जातो. त्यांच्यावरच्या उपचारांचा दर्जा ग्राहक आयोगाच्या नोंदवहीत दिसेल अशी अपेक्षाच करता येत नाही.

मग दावा होतो कशामुळे? अनपेक्षित वाईट परिणाम ही पहिली पायरी. पण तेवढ्याने बहुतेक लोक वकिलाकडे जात नाहीत. तीन दिवस आयसीयूच्या दारात उभं राहूनही मोठे डॉक्टर भेटत नाहीत. रात्री आरएमओ (हॉस्पिटलातला ड्यूटीवरचा डॉक्टर) एक सांगतो, सकाळी दुसरा वेगळंच सांगतो. बिल अंदाजाच्या दुप्पट होतं. आणि ज्या दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं तिथला कुणी केस पेपर न वाचताच म्हणतो, ‘इथे आणायला उशीर केलात, तिकडे काय करत होते?’ हे शेवटचं वाक्य जितके दावे उभे करतं तितकं क्वचितच दुसरं काही करत असेल. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या गेल्या. फॅमिली डॉक्टरांमध्ये ज्यांच्यावर दावे नव्हते ते एका रुग्णाला सरासरी १८.३ मिनिटं देत होते, दावे असलेले १५ मिनिटं. पुढे काय होणार हे ते आधी सांगत, रुग्णाला समजलं का हे विचारत. सर्जनमध्ये असा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. शिवाय नीट बोलणाऱ्याच्या हातून चुका कमी होतात असं यातून सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं, की दाव्यांच्या आकड्यात बोलण्याचा दर्जाही मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढता येत नाही.

भरपाईच्या रकमेवरूनही चुकीचा आकार कळत नाही. १९९८ मध्ये कोलकात्यात झालेल्या चुकीच्या स्टिरॉइड उपचारांनंतर ओढवलेल्या मृत्यूत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपये आणि वर व्याज दिलं. मुंबईत १९९२ मध्ये एका होमिओपॅथिक डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, आणि १९९६ च्या पूनम वर्मा निकालात भरपाई ठरली ३ लाख. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच मुळात निष्काळजीपणा, असं त्या निकालाने स्पष्ट सांगितलं. रकमांमधल्या फरकात काळाचा, मृताच्या उत्पन्नाचा आणि लढण्याच्या ताकदीचा वाटा मोठा आहे.

एक अपवाद नोंदवतो. एकाच डॉक्टरवर पुन्हा पुन्हा भरपाई द्यावी लागत असेल तर तो आकडा बोलका असतो. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात भरपाई दिलेल्या दाव्यांपैकी ३२ टक्के दावे फक्त १ टक्का डॉक्टरांच्या नावावर होते. एक दावा काही सांगत नाही. पाच वर्षांत चार दावे नक्कीच सांगतात.

आता कायद्याच्या मोजपट्टीकडे येऊ. न्यायालय पाहतं ते एवढंच, की त्या परिस्थितीत त्याच विषयातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर जे करेल ते या डॉक्टरने केलं का. ही किमान पातळी आहे. दर्जाचं काम त्याच्या पुढे सुरू होतं: ही इजा टाळता आली असती का, आणि पुढच्या रुग्णाची टळावी म्हणून काय बदलायचं? दोन्हींतलं अंतर ज्या निकालात सर्वांत स्वच्छ दिसतं तो आहे सर्वोच्च न्यायालयाचा ५ ऑगस्ट २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल. डॉक्टरांवरच्या फौजदारी कारवाईसाठी ‘घोर निष्काळजीपणा’ हवा, तपास अधिकाऱ्याने कारवाईआधी शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं, सरसकट अटक करू नये, हे सगळं याच निकालातलं. मेडिको-लीगल व्याख्यानांमध्ये तो सतत उद्धृत होतो. पण मूळ घटना काय होती? १९९५ मध्ये लुधियानातल्या एका हॉस्पिटलात रुग्णाला धाप लागली, ऑक्सिजन जोडला, आणि सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा आणेपर्यंत रुग्ण गेला. न्यायालयाने डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द केला आणि हॉस्पिटलची दिवाणी जबाबदारी हा वेगळा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण वॉर्डातला सिलिंडर कुणी, कधी, कसा तपासायचा, हे त्या निकालातून कुणी शिकलं नाही, कारण निकालाचं ते कामच नाही.

ते शिकायला फार काही लागत नाही. वॉर्डातला बी-टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. काटा अर्ध्यावर असेल तर ७५०. मिनिटाला १० लिटर लावला तर ७५ मिनिटं. संध्याकाळी बोरिवलीहून परळला रुग्ण हलवायचा असेल तर हे पुरत नाही, आणि हा हिशेब निघण्याआधी व्हायला हवा. नेहमी चुकतं ते असं: रिकामा सिलिंडर भरलेल्याच्या शेजारीच ठेवलेला असतो, चिठ्ठी नसते. चावी दुसऱ्या सिलिंडरवर अडकवून गेलेली असते. वॉशर झिजलेला असतो आणि उघडताच गळती सुरू होते. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलेलं नसतं, त्यामुळे प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरचा मणी वर दिसतो पण पाण्यात बुडबुडे नसतात आणि रुग्णापर्यंत काहीच पोचत नाही. उपाय सोपे आहेत. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सिस्टरने व्हॉल्व्ह उघडून काट्याचा आकडा वहीत लिहायचा (बंद व्हॉल्व्हवरचा काटा काही सांगत नाही), प्रत्येक सिलिंडरला ‘भरलेला’, ‘चालू’, ‘रिकामा’ अशी तीन तुकड्यांची फाडायची चिठ्ठी लावायची, चावी साखळीने त्याच सिलिंडरला बांधायची आणि रिकामे दुसऱ्या खोलीत ठेवायचे. पाळीमागे पाच मिनिटांचं काम आहे.

महाराष्ट्रातलं एक प्रकरण तर याहून जुनं आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात एका महिलेची प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखायचं थांबेना. दुसऱ्या डॉक्टरने पोट उघडलं तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, सापडला. ती त्याच महिन्यात वारली. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांनी. खालच्या न्यायालयाने ठरवलेली भरपाई होती ३६ हजार रुपये. पोटात राहिलेला मॉप स्वतःच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, त्यासाठी कोण कुठे चुकलं ते सिद्ध करत बसावं लागत नाही, असं न्यायालय म्हणालं. कुटुंबाच्या दृष्टीने हे तत्त्व फार मोलाचं. मात्र मॉप राहतात कसे, याचं उत्तर त्या तत्त्वात मिळत नाही.

ते उत्तर मिळालं दाव्यांच्या फाइलींमधूनच. मॅसॅच्युसेट्समधल्या एका विमा कंपनीकडे १९८५ ते २००१ या काळात आलेले, शरीरात मॉप किंवा हत्यार राहिल्याचे सगळे दावे आणि अहवाल संशोधकांनी काढले. ५४ रुग्ण होते. त्यांची तुलना त्याच प्रकारच्या, पण काही न राहिलेल्या शस्त्रक्रियांशी केली. तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका जवळपास नऊ पट होता, आणि मध्येच शस्त्रक्रियेचा बेत बदलला तर चौपट. रुग्णाचं वजन जास्त असेल तर तोही वाढत होता. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती त्यातल्या ८८ टक्क्यांत ‘मोजणी बरोबर’ अशी नोंद होती. या प्रकरणांत मोजणी केली नाही म्हणून मॉप राहिले नव्हते. मोजणी चुकली आणि बरोबर वाटली.

म्हणून मोजणी कशी करतात याला महत्त्व आहे. मॉप ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यात येतात, पाच किंवा दहा. गठ्ठा फोडल्यावर प्रत्येक नग सुटा करून, दोघींनी मिळून, मोठ्याने मोजायचा: हात धुतलेली (सर्जनला हत्यारं देणारी) सिस्टर आणि फ्लोअर सिस्टर (टेबलापासून दूर राहून सामान आणून देणारी). गठ्ठ्यातच एक कमी किंवा जास्त निघाला तर तो आख्खा गठ्ठा बाहेर. संख्या भिंतीवरच्या फळ्यावर, कागदाच्या चिटोऱ्यावर नको. मध्ये नवा गठ्ठा फोडला की त्याच क्षणी फळ्यावर. सिझेरियनमध्ये गर्भाशय शिवण्याआधी एक मोजणी, पोटाचं आवरण बंद करण्याआधी दुसरी, त्वचेआधी तिसरी. सिस्टर मध्येच बदलली तर आणखी एक. वापरलेले मॉप बादलीत ढीग करून टाकायचे नाहीत, पाच-पाचच्या ओळीत मांडायचे. रक्ताने चिकटलेले दोन मॉप एक दिसतात आणि गफलत इथेच होते. पोटात फक्त एक्स-रेत दिसणारी निळी पट्टी असलेलेच मॉप वापरायचे, आणि ते कापून अर्धे करायचे नाहीत, कारण कापलेल्या एखाद्या तुकड्यात पट्टी नसू शकते. मोजणी जुळली नाही तर सर्जनने पुन्हा हाताने चाचपायचं, तरी नाही सापडलं तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता तातडीच्या सिझेरियनला फ्लोअर सिस्टर वेगळी नसते, तीच बाळाकडेही बघते. धोका नऊ पट होतो तो अशाच वेळी. त्या रात्री मोजणीसाठी वेगळा माणूस ठेवणं ही खर्चाची गोष्ट आहे आणि तो खर्च मालक डॉक्टरनेच करायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टचा (ऑपरेशनच्या ठरावीक टप्प्यांवर सगळ्यांनी थांबून मोठ्याने वाचायच्या यादीचा) अनुभवही हेच सांगतो. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती लागू केल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या हॉस्पिटलांमध्ये ती आली, आणि तिथल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कागद एकच होता. माझ्या मते फरक पडतो तो सगळे हात थांबवून एकमेकांना ऐकतात की नाही यात. शस्त्रक्रिया संपल्यावर एकटी सिस्टर सगळ्या खुणा करत असेल तर तो कागद फक्त तपासणी अधिकाऱ्यासाठी उरतो.

दाव्यांमधून शिकून दर्जा खरोखर बदलल्याचं सर्वांत ठळक उदाहरण भूलशास्त्राचं आहे. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून विमा कंपन्यांकडच्या निकाली फाइली वाचायला सुरुवात केली. १५४१ दाव्यांपैकी ५२२, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, श्वासाशी संबंधित निघाले: श्वास अपुरा पडणं, नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत जाणं, नळी घालताच न येणं. त्यातल्या ७२ टक्के प्रसंगी अधिक चांगल्या देखरेखीने इजा टळली असती, असं परीक्षकांचं मत पडलं. देखरेखीचे मानदंड संघटनेने १९८६ मध्ये ठरवले होतेच; पुढे बोटावर लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ हळूहळू सर्वत्र आले. कॅप्नोग्राफचं महत्त्व असं, की नळी अन्ननलिकेत गेली तर त्याची लाट काही श्वासांतच सपाट होते. ऑक्सिमीटरचा आकडा मात्र आधी ऑक्सिजन भरून दिलेला असल्यामुळे काही मिनिटं छान दिसत राहतो, आणि तो पडायला लागतो तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. आजही एखाद्या नर्सिंग होममध्ये पूर्ण भूल द्यायची असेल तर ‘इथे कॅप्नोग्राफ आहे का?’ हा प्रश्न ‘केस झाली होती का?’ पेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे.

काही अपयशं तर कुठल्याच डॉक्टरच्या दाव्यात मावत नाहीत. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. औषध योग्य होतं, कारण योग्य होतं. बाटलीतला द्रव चुकीचा होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा खरेदी, पुरवठादार आणि औषध प्रशासनाची आख्खी साखळी उघडी पडली. जानेवारी २०१८ मध्ये पालिकेच्या एका हॉस्पिटलात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि तो दगावला. अशा वेळी कर्मचाऱ्याला अटक होते. पण ते चुंबक चोवीस तास चालू असतं, मशीन ‘बंद’ दिसलं तरी. म्हणून खोलीबाहेर लोखंडी ट्रॉली आणि सिलिंडर थांबवणारं दार, आत फक्त ॲल्युमिनियमचा सिलिंडर, आणि दाराशी नाही म्हणायचा अधिकार असलेला माणूस, हे तिन्ही लागतं. नातेवाइकांकडून सिलिंडर वाहून घेण्याची पद्धत तर मुळातूनच बंद व्हायला हवी.

मग हॉस्पिटलं आपल्या चुका उघडपणे का वाचत नाहीत? भीती हे खरं कारण आहे आणि ती निराधार नाही. नातेवाइकांचा जमाव, पोलिस ठाणं, तोडफोड. महाराष्ट्राला डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० मध्ये कायदा करावा लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरने उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत. त्यात इन्डेम्निटी पॉलिसीची (दाव्यांची भरपाई देणाऱ्या डॉक्टरच्या विम्याची) अट: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. या अटीचा अर्थ बहुतेक डॉक्टर ‘काहीच बोलायचं नाही’ असा घेतात. तो बरोबर नाही. ‘ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, रात्री अकराला लक्षात आला, साडेअकराला पुन्हा टेबलावर घेतलं, आता प्रकृती अशी आहे, जे झालं त्याचं आम्हाला दुःख आहे’ हे सांगणं म्हणजे घडलेलं सांगणं. कायद्यातला दोष कबूल करणं वेगळं. घटना घडताच कंपनीला लेखी कळवावं, नोटीस येण्याची वाट पाहू नये. या पॉलिसी बहुधा ज्या वर्षी दावा येतो त्या वर्षाच्या चालू पॉलिसीवर चालतात आणि मध्ये नूतनीकरण चुकलं तर जुन्या घटनेचं संरक्षण जातं.

मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलांनी २००१ नंतर चूक झाली तर स्वतःहून सांगायची, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची पद्धत सुरू केली. दर लाख रुग्णभेटींमागे नव्या दाव्यांचं मासिक प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर आलं, न्यायालयात गेलेले खटले २.१३ वरून ०.७५ वर. त्या काळात त्या राज्यात दावे एकूणच कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय या पद्धतीला देता येणार नाही. पण सांगितलं तर दाव्यांचा पूर येतो, ही भीती मात्र खोटी ठरली.

पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही हे जमण्यासारखं आहे. एक वही ठेवायची, जिच्यात इजा झालेल्याच नाहीत तर थोडक्यात टळलेल्या घटनाही येतील: चुकीच्या रुग्णाला लावायला नेलेली बाटली, ‘10U’ (१० युनिट) लिहिलेलं १०० वाचलं गेलेलं इन्सुलिन, न कळवलेला बायोप्सीचा रिपोर्ट. लिहिणाऱ्याचं नाव ऐच्छिक. महिन्यातून एक तास, मावशी आणि वॉर्डबॉयसकट सगळे बसून, दोन नोंदी घ्यायच्या आणि प्रत्येकीसाठी एक बदल ठरवायचा. ‘सिस्टरला समज दिली’ हा बदल नव्हे. ‘चुकून थेट टोचलं तर जीवघेणं ठरणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्युल वॉर्डाच्या ट्रेमधून काढून कुलपात ठेवल्या’ हा बदल आहे. वही सहा महिने कोरी राहिली तर चुका थांबलेल्या नसतात, सांगणं थांबलेलं असतं. म्हणून ‘आमच्याकडे औषधाच्या चुका शून्य’ असं सांगणाऱ्या हॉस्पिटलापेक्षा त्या मोजून दाखवणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा.

केस पेपरबद्दलही गैरसमज आहे की तो कोर्टासाठी लिहायचा असतो. तो रात्रीच्या आरएमओसाठी लिहायचा असतो. वेळ, नाडी, रक्तदाब, काय वाटलं, काय केलं, कुणाला फोन केला, त्यांनी काय सांगितलं. तेवढंच कोर्टातही उपयोगी पडतं. चूक लिहिली गेली तर एक रेघ, सही, वेळ; व्हाइटनर नाही, नंतर घुसवलेली ओळ नाही. संमतिपत्राचंही तसंच. २००८ च्या समीरा कोहली निकालाप्रमाणे काय करणार, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि केलं नाही तर काय, हे सगळं सांगायला हवं, आणि एका तपासणीला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. दाखल होताना काउंटरवर घेतलेली, इंग्रजीतल्या कोऱ्या फॉर्मवरची सही ही संमती नव्हे. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, जी भाषा घरात बोलतात तिच्यात समजावून, समजावणाऱ्याचं नाव लिहून, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घ्यावी.

ज्यांना शंका आहे की आपल्या माणसाच्या बाबतीत चूक झाली, त्यांनी आधी फाइल मिळवावी. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा केस पेपरवरचा हक्क मान्य केला, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. इनडोअर कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. अर्ज दोन प्रतींत, एकीवर एमआरडीचा (हॉस्पिटलच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाचा) शिक्का आणि तारीख. फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊ नका. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, भुलेचा कागद, ऑपरेशन नोट्स, एक्स-रेच्या मूळ फिल्म किंवा सीडी, सगळं मागा. मग ती फाइल त्या विषयातल्या, त्या हॉस्पिटलाशी संबंध नसलेल्या डॉक्टरला दाखवा. बऱ्याचदा कळतं की चूक नव्हती, आणि ते कळणंही घराला आवश्यक असतं.

चूक दिसली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावं लागतं. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे हॉस्पिटल दक्षिण मुंबईत असलं तरी अंधेरीकराला उपनगर आयोगात जाता येईल. कुठल्या पातळीवर जायचं हे हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. वैद्यकीय परिषद भरपाई देत नाही, ती नोंदणीवर कारवाई करू शकते. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.

मृत्यू झाला असेल तर पोस्टमॉर्टेमचा निर्णय मात्र काही तासांतच घ्यावा लागतो. कारणाबद्दल शंका असेल तर देह ताब्यात घेण्याआधी जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी कळवावं, एडीआर (अपमृत्यूची पोलिस नोंद) करून पोस्टमॉर्टेम करायला सांगावं. अंत्यसंस्कार झाल्यावर मृत्यूचं कारण फक्त कागदांवरून ठरवावं लागतं, आणि ते कागद ज्याच्यावर शंका आहे त्यानेच लिहिलेले असतात.